पेन्शनीपलीकडचा हक्क

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मी हर्णेचा. नौदलात नोकरी करून गावी परतलो. सुवर्णदुर्गासमोरच्या आमच्या बंदरात मासळीचा लिलाव चालू असतो, तिथेच कोणीतरी निवृत्त जवान मला गाठतो आणि विचारतो, "काका, पोरांच्या शिक्षणाला काय सवलत असते का हो?" असते. पण ती आपल्या पायांनी घरी येत नाही.

फौज आणि शिक्षण यांचे नाते आमच्या भागात जुने आहे. हर्णेहून दापोली पंधराएक किलोमीटर. इंग्रजी अमदानीत तिथे लष्करी छावणी होती, पुढे पेन्शनरांची वस्ती झाली. मूळचे मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ दापोलीत राहिले. फौजेत ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. गावची शाळा ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवी, त्यांच्या घरात पलटणीच्या शाळेने अक्षर आणले. त्याच घरात भीमराव आंबेडकर वाढले. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीस महारांची लष्करभरती बंद झाली आणि पुढच्या पिढीचा हा मार्गही खुंटला. तेव्हा भरतीच्या हक्कासाठी दापोलीतून अर्ज लिहिला तो गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त सैनिकानेच. ज्या हक्कासाठी त्यांना झगडावे लागले, तो आज कायद्याने सर्वांना खुला आहे. त्याच्या सोबत येणारे शिक्षणाचे लाभ आपण नुसत्या आळसाने सोडावेत काय?

आता आजच्या योजना पाहू. १९७१ च्या युद्धानंतर शहीद, बेपत्ता आणि कायम अपंग झालेल्या जवानांच्या मुलांची शिक्षण फी केंद्र सरकार देऊ लागले. २०१७ मध्ये तिच्यावर दरमहा १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. त्यावर नाराजी उठली आणि मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा काढली गेली.

अधिकारी दर्जाखालील माजी सैनिकांच्या मुलांसाठी २००६-०७ पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, बी.एड. अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना ती मिळते. २०१९ मध्ये ती मुलांना दरमहा २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये झाली. म्हणजे मुलीला वर्षाला ३६,००० रुपये. बारावीला किमान ६० टक्के गुण लागतात, आणि अर्ज प्रवेशाच्या पहिल्याच वर्षी करावा लागतो. दुसऱ्या वर्षी जाग आली, तर पुढची सगळी वर्षे हातची जातात.

हवालदार व त्याखालच्या दर्जाच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत, वेगळे अनुदान आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते दरमहा १,००० ऐवजी २,००० रुपये झाले. वीरपत्नी आणि सैनिकांच्या विधवांना पदव्युत्तर शिक्षणासाठीही ते मिळते. घरातल्या सुनेला हे आवर्जून सांगा.

एक खुलासा. आमच्याकडे "पोरगा नेव्हीत आहे" असे सर्रास म्हणतात, पण तो मर्चंट नेव्हीत असेल तर या योजना त्याच्या मुलांना नाहीत. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांची शिष्यवृत्ती गृह मंत्रालयाकडून वेगळी असते. तटरक्षक दलातून निवृत्त झालेल्यांना मात्र पंतप्रधान शिष्यवृत्ती लागू आहे.

हर्णेहून रत्नागिरीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचे तर दिवस मोडतो, हे खरे. आता अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर भरता येतात. पण माजी सैनिक म्हणून नाव नोंदलेले, ओळखपत्र काढलेले आणि मुलांची नावे सेवापुस्तकात बरोबर लागलेली हवीत. सेवापुस्तकात 'सुरेखा' आणि दाखल्यावर 'सुलेखा' असले, तर अर्ज तिथेच अडतो. ही दुरुस्ती मूल आठवी-नववीत असतानाच करून घ्यावी.

यंदा ज्यांच्या घरी बारावीचा निकाल लागेल, त्यांनी गुणपत्रिकेशेजारी वडिलांचे डिस्चार्ज बुकही काढून ठेवावे.