परवाना तिचा, गल्ला कुणाचा?

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण, थोडे संपादित करून.)

पत्रिकेत या सत्राचा विषय 'स्त्रिया आणि व्यवसाय' असा छापला आहे. असा विषय दिला की आपण पापड-लोणची, शिलाई मशीन, बचत गट यांच्याबद्दल बोलतो. मी आज एका परमिट रूमबद्दल बोलणार आहे. काहींच्या कपाळावर आत्ताच आठी पडली, ती मला इथून दिसते आहे. तरी पण ऐका.

आपल्या गावठाणात, रविवार कारंजापासून शालिमारकडे जाणाऱ्या गल्ल्यांत, जुन्या वाड्यांच्या तळमजल्यावर अशी काही ठिकाणे आहेत. दगडी टेबले, लाकडी पार्टिशन, छताला लांब दांड्याचे पंखे. आणि आत एका कोपऱ्यावर 'फॅमिली रूम' अशी पाटी, जिथे फॅमिली कधीच बसत नाही. तीर्थक्षेत्री हे शोभत नाही असे सगळे म्हणतात आणि संध्याकाळी जागा मिळत नाही. 'परमिट रूम' हा शब्द १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आला. तो कायदा आजही आहे. ज्याच्याजवळ पिण्याचा परवाना आहे त्यानेच तिथे बसून प्यावी, असा त्या खोलीचा मूळ अर्थ. तो परवाना किती जणांच्या खिशात असतो ते सोडा.

अशीच एक परमिट रूम. आधी खानावळ होती, मग सासऱ्यांनी परवाना काढला. त्यांच्यानंतर तो थोरल्या मुलाच्या नावावर झाला. दोन वर्षांपूर्वी तो मुलगा गेला, लिव्हरच्या आजाराने. मागे बायको, दोन शिकणाऱ्या मुली आणि म्हातारी आई. तेराव्यानंतर धाकटा दीर कागद घेऊन आला. म्हणाला, "वहिनी, त्या घाणीत तुम्ही कशाला पडता? इथं सही करा. महिन्याला वीस हजार घरपोच." ती बाई आमच्या केंद्रात आली ती हा कागद घेऊन. वर लिहिले होते 'हक्कसोडपत्र'.

त्यावर आमच्याकडे जी चर्चा झाली ती तुमच्याकडेही होईल, म्हणून सांगते. एक ज्येष्ठ कार्यकर्ती स्पष्ट म्हणाली, "दारूच्या धंद्याला आपण मदत करायची? मग उद्या मोर्चा कुठल्या तोंडाने काढायचा?" तिचे म्हणणे वाऱ्यावर सोडण्याजोगे नव्हते. १९९२ मध्ये आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायकांनी अरक बंद पाडला, तेव्हापासून आपण त्यांचा दाखला देत आलो. आपल्या राज्यात २००८ च्या नियमाने गावातल्या किंवा वॉर्डातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होते आणि निम्म्याहून अधिक मते पडली तर बाटली आडवी होते. चंद्रपूरच्या बायकांनी पायी मोर्चे काढून २०१५ मध्ये दारूबंदी आणवली, ती सरकारने २०२१ मध्ये उठवली. हा इतिहास आपला आहे, तो मी नाकारत नाही.

पण आपल्याच इतिहासात दुसरेही काही आहे. २००५ मध्ये सरकारने डान्स बार बंद केले तेव्हा फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेनसारख्या स्त्री संघटना त्या बंदीच्या विरोधात उभ्या राहिल्या. बारची बाजू त्यांनी घेतली नव्हती. हजारो बायकांची भाकरी एका फटक्यात काढून घेता आणि त्याला संस्कृतिरक्षण म्हणता, हा त्यांचा आक्षेप होता. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले. त्याही आधी, मोरारजींच्या दारूबंदीच्या काळात, मुंबईत गल्लोगल्ली 'आंटीचे अड्डे' होते. नवरा नसलेल्या, नोकरी नसलेल्या बाया घरातल्या खाटेखाली बाटल्या ठेवून मुले शिकवत. सिनेमाने त्यांची चेष्टा केली. दारूच्या धंद्यात बाई नवी नाही. धंद्याचा कागद तिच्या नावावर असणे मात्र नवे आहे.

आता कायद्याचे बोलू, कारण सगळी मेख तिथे आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने, मृत्युपत्र नसेल तर, नवऱ्याच्या मागे त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस, सगळ्यांना सारखा वाटा. हे असताना भाऊ वारस होत नाही. म्हणजे या घरात चार वाटे: ती, दोन मुली, सासू. दिराचा वाटा शून्य. मग तो सही कशाला मागत होता? वाटा नसलेल्याला वाटा फक्त हक्कसोडीनेच मिळतो, म्हणून. गोड बोलून, दुखवट्याच्या पंधरवड्यात, चहाच्या कपाबरोबर पुढे केलेला कागद. शेतीत आपण हे शेकडो वेळा पाहिले आहे, इथे फक्त सातबाऱ्याऐवजी परवाना होता.

परवाना मात्र घरासारखा चौघांत वाटून घेता येत नाही. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाचा, दरवर्षी ३१ मार्चला संपणारा आणि फी भरून पुढे चालणारा. धारक वारला की वारसाने अर्ज करायचा आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत जोडायची. मुलींची अडचण नव्हती. प्रश्न सासूबाईंचा होता, आणि त्या धाकट्याकडे जेवत होत्या.

दिराने मग दुसरा मार्ग सुचवला. परवाना वहिनीच्याच नावावर राहू दे, धंदा मी चालवतो. बाजारात याला 'चालवायला देणे' म्हणतात. मैत्रिणींनो, हे नीट ऐका, कारण अशा कितीतरी परवान्यांवर बाईचे नाव असते आणि तिला दुकानाचा रस्तासुद्धा माहीत नसतो. विभागाच्या मंजुरीशिवाय परवाना असा परस्पर दुसऱ्याच्या हाती देणे नियमात बसत नाही. बनावट माल सापडला, अल्पवयीन मुलाला दारू दिली, नोकरनामा नसलेला माणूस काउंटरवर सापडला, तर नोटीस परवान्यावरच्या नावाला येते. महिन्याला वीस हजार तिला, रोजचा गल्ला त्याला आणि कोर्टाची पायरी पुन्हा तिला. मी तिला एवढेच म्हटले, "ताई, नाव लावायचं तर किल्ली पण घ्या. किल्ली नको असेल तर नावही नको, रीतसर विकून मोकळ्या व्हा." विकण्याचा सल्ला मी मनापासून दिला होता. तिने किल्ली घेतली.

त्याआधी सासूबाईंची सही झाली. कशी झाली ते सांगते. आम्ही दोघी त्यांना भेटायला गेलो तेव्हा मला वाटले होते, धाकट्याच्या बाजूने चार शब्द ऐकावे लागतील. म्हातारी बराच वेळ गप्प बसली आणि मग हिशेब सांगायला लागली. तीस वर्षे रोज सकाळी मटण सुकं, उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे, मसाला पापडाचा कांदा, सगळे घरून तिच्या हातचे जायचे. लोक दारूपेक्षा त्या सुक्क्यासाठी यायचे असे म्हणे. "माझं नाव कधी कुठल्या कागदावर लागलं? हिचं तरी लागू दे," म्हणाल्या, आणि अंगठा नको, सही करते म्हणून चष्मा मागितला. धाकट्याशी त्या आठ दिवस बोलत नव्हत्या, की तो त्यांच्याशी, ते मला कळले नाही.

इथे कथा संपत नाही. जागा पागडीची आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात राहत्या घराला एक नियम आणि धंद्याच्या जागेला दुसरा. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करत असलेल्या घरच्या माणसाकडे भाडेकरूपण जाते. तसे कुणी नसेल तर वारसांनी आपसात ठरवायचे, नाही जमले तर कोर्टाने. आता विचार करा, धंद्यात 'बरोबर' कोण होते? सासूचे सुक्के घरी शिजत होते, सुनेने रात्री हिशेबाच्या वह्या घरी लिहिल्या. दुकानात दिसत होता तो दीर, शेवटच्या वर्षात आजारी भावाच्या जागी बसलेला. आणि त्या वर्षाच्या भाडेपावत्या त्याने स्वतःच्या नावाने फाडून घेतल्या होत्या. बाईचे घरातले काम कोर्टात 'धंदा' म्हणून सिद्ध करायचे तर पुरावा लागतो. नशिबाने त्या वह्या तिच्या अक्षरात आहेत. दावा चालू आहे.

बाकी व्यवहाराचे थोडक्यात सांगते. बँकेत गेली तर कळले की २०१६ ची स्टँड-अप इंडिया योजना नव्याने उभारलेल्या उद्योगासाठी, चालता धंदा हाती घेणारीसाठी नाही. बाईने रोप लावले तर कौतुक, झाड सांभाळले तर काही नाही! परमिट रूमवरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये पाचाचा दहा टक्के झाला. पुढे परवाना फी आणि उत्पादन शुल्कही वाढले, आणि १४ जुलै २०२५ ला राज्यभरच्या बारवाल्यांनी एक दिवस बंद पाळला. त्या बंदच्या बैठकीत ही एकटी बाई. मागच्या खुर्चीवर बसली होती, तिला कुणी पुढे बोलावले नाही. एका कार्यालयात फाइल घेऊन गेली तर टेबलामागच्या माणसाने विचारले, "मालक नाही आले?" ती म्हणाली, "आलेत. बसू का?"

काउंटरवर ती दुपारी बाराला बसते. तिच्याकडे आता स्वयंपाकघरात दोन बाया कामाला आहेत. आपल्यातल्या काहींना वाटते की दारू मिळते तिथे बाईला कामावर ठेवता येत नाही. पंजाबच्या १९१४ च्या अबकारी कायद्यात तसे कलम होते, दिल्लीत ते लागू होते. अनुज गर्ग खटल्यात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. बाईला असुरक्षित वाटते म्हणून तिचे काम काढून घेऊ नका, कामाची जागा सुरक्षित करा, असा त्या निकालाचा रोख आहे. आपल्या राज्याच्या २०१७ च्या दुकाने कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी आणि सुरक्षेची सोय मालकाने करायची. या दोघी साडेआठला घरी जातात. कामगार दहा असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समितीही लागते, २०१३ चा कायदा. तिच्याकडे नऊ आहेत. दहावा ठेवायच्या आधी समिती कर, असे मी तिच्या मागे लागले आहे.

आणि आता ज्येष्ठ मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. मागच्या श्रावणात एक बाई पोर कडेवर घेऊन दुकानाच्या दारात आली. नवरा आत बसला होता. "तुम्ही बाई असून त्याला पाजता?" म्हणून ओरडली. गल्ली गोळा झाली. या ताईंनी त्या माणसाला उठवले, त्याच्या उधारीचे पान वहीतून फाडले आणि त्या दिवसापासून उधारी बंद केली, सगळ्यांचीच. गिऱ्हाईक तुटले, महिन्याचा धंदा दिसण्याइतका खाली आला. दिराला हसायला निमित्त मिळाले.

तो माणूस आता दुसरीकडे जाऊन पितो, हे मला माहीत आहे. त्याच्या बायकोला आम्ही केंद्रात बोलावले आहे, ती दोनदा येऊन गेली. आणि खुद्द परमिट रूमवाल्या ताईंनी मला विचारले, "मॅडम, आमच्या वॉर्डात आडव्या बाटलीच्या सह्या सुरू झाल्या तर मला पण मत असणार ना?" मी म्हटले, असणार. "मग तेव्हा बघू," म्हणाल्या, आणि पुन्हा स्टॉकच्या रजिस्टरकडे वळल्या.

वारस नोंदीचा अर्ज, ना-हरकतीचा मजकूर आणि हक्कसोडपत्रात बारीक अक्षरात काय काय दडवतात त्याचे दोन नमुने, नावे खोडून, मी आणले आहेत. जेवणाच्या सुट्टीत मागच्या टेबलावर ठेवते. ज्यांच्या ओळखीत कुणाच्या हातात असा कागद पडला असेल त्यांनी मला थांबवून विचारा.