हात नेतात, पाय सावरतात



विहिरींचे पाणी खोल जाऊ लागले असता जऊळक्यात पोहण्यावर व्याख्यान द्यायला उभे राहणे हे थोडे धाडसच होय. पाठीला डबा बांधून विहिरीत उडी घेणाऱ्या पोरांना आमच्या व्याख्यानाची गरज नाही. आम्हाला बोलायचे आहे ते चाळिशीनंतर पाण्यात उतरणाऱ्या आणि आठवडाभरातच ‘आता वय झाले’ म्हणून परत फिरणाऱ्या प्रौढांविषयी.

आम्हीही त्यांतलेच. शहरातल्या तलावात फ्रीस्टाइल शिकताना पंचवीस मीटर गेलो की ऊर फुटेल असे वाटे. छाती तपासून घेतली; ती ठणठणीत निघाली. दोष होता पायांचा. बुडू नये म्हणून आम्ही जिवाच्या आकांताने पाय मारीत होतो, आणि ते पायच आमचा सारा दम खात होते. मांडीचे स्नायू मोठे. त्यांना प्राणवायू फार लागतो. त्या मानाने लांब पल्ल्यात ते माणसाला पुढे थोडेच नेतात. नेण्याचे काम मुख्यत्वे हातांचे.

याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे सैनिक. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. पुढे १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक मिळविले, वेळ ३७.३३ सेकंद. अंतर लहान होते हे खरे. पण हातांत किती बळ असते हे कळायला तेवढे पुरे.

मग पाय मारूच नयेत काय? तसे नव्हे. पाण्यातले शरीर तराजूसारखे असते. छातीत हवा असल्याने ती बाजू वर राहते, पाय जड म्हणून खाली जातात. त्यात श्वासासाठी डोके उचलले की पाय आणखी बुडतात. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट. अशा पाण्यातून लोंबते पाय ओढीत नेणे म्हणजे नांगर टाकून नाव वल्हविणे. तेव्हा पायांचे काम दोन प्रकारचे: शरीर आडवे ठेवणे, आणि कुशीवर वळताना तोल सावरणे.

त्याला जोर लागत नाही, रीत लागते. पाय कमरेपासून हलवावा. गुडघ्यातून सायकल चालवू नये. घोटा सैल असावा. चालून चालून प्रौढांचे घोटे ताठरतात. पाऊल आकड्यासारखे राहिले तर पाय मारूनही माणूस जागचा हलत नाही, कधी मागेसुद्धा सरकतो! शर्यतीतला जलतरणपटू दोन हातांच्या एका फेरीत सहा वेळा पाय मारतो. लांब जाणाऱ्याला बहुधा दोन पुरतात. उजवा हात पाण्यात शिरताना डावा पाय, डावा हात शिरताना उजवा. रस्त्याने चालताना आपण हेच करतो. नवे काही नाही.

सुरुवात मात्र पायांपासून करू नये. आधी कमरेएवढ्या पाण्यात तोंड बुडवून सावकाश श्वास सोडायला शिकावे. मग काठाला रेटा देऊन, नजर तळाकडे ठेवून, नुसते तरंगत जावे. शरीर आडवे राहू लागले की हलके पाय, आणि शेवटी हात. मांड्यांमध्ये तरंगणारा ठोकळा धरून पाहावा. त्याने पोहणे एकदम सोपे वाटले, तर आपले पाय ओझे झाले आहेत असे समजावे. पण ठोकळ्याची सवय लावून घेऊ नये. आणि शेजारी जाणता माणूस असल्याखेरीज पाण्यात उतरूच नये.

आपल्या भाषेत ‘हातपाय मारणे’ म्हणजे धडपडणे. पाण्यात धडपडणारा लवकर थकतो, आणि थकलेलाच बुडतो. पंचवीस मीटरवरून परतलेल्या माणसाचे वय झालेले नसते. त्याचे पाय घाई करीत असतात. ती घाई सोडल्यावर त्याच तलावात आम्ही न थांबता चारशे मीटर गेलो. आपल्यापैकी कोणी अर्ध्यावर परत फिरले असेल, तर त्याने एकदा पुन्हा पाण्यात उतरावे, एवढीच आमची विनंती आहे.