कुलूप, विश्वास आणि वारसा



कौटुंबिक उद्योग म्हणजे केवळ वारशाने आलेले भांडवल, असा समज आढळतो. गोदरेजच्या इतिहासावर तो तपासून पाहू.

पेशाने वकील असलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईतील लालबाग येथे कुलपांचे उत्पादन सुरू केले. देशी मालास जकातीचे संरक्षण नव्हते. आयात मालाशी गुणवत्तेच्याच बळावर स्पर्धा करावी लागे. कुलपाचा दर्जा खरेदीच्या वेळी ग्राहकास पारखता येत नाही. अर्थशास्त्र यास माहितीची विषमता म्हणते. अशा बाजारपेठेत उत्पादकाचे नाव हीच मोठी मत्ता ठरते. पुढे तिजोऱ्या आल्या. बंधू पिरोजशा यांच्या काळात विक्रोळीत विस्तार झाला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी पोलादी मतपेट्याही तेथे तयार झाल्या.

२०२४ मध्ये कुटुंबाने समूहाची विभागणी जाहीर केली. कंपन्या वाटल्या गेल्या; ‘गोदरेज’ हे नाव मात्र दोन्ही शाखांकडे राहिले. एका शाखेच्या मालातील उणिवेची झळ आता दुसरीसही लागू शकते. सामायिक नावाची जबाबदारी कोणी व कशी सांभाळावी, हा कौटुंबिक उद्योगांच्या व्यवस्थापनातील कळीचा प्रश्न आहे. त्याचा आपण अवश्य विचार करावा.