घरातील मूल आणि घरची बोली

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



लहान मुलांच्या संगोपनाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मंडळाच्या चालकांनी आम्हांस केली. विषय फार मोठा आहे. त्यातील आहार, औषधपाणी, लस टोचणे इत्यादी भाग वैद्यमंडळींचा. त्यात आम्ही शिरत नाही. आमचे आयुष्य पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेले. त्यामुळे सहा वर्षांचे मूल शाळेच्या दाराशी येऊन उभे राहते, तेव्हा ते घरून काय घेऊन येते, एवढे मात्र आम्हांस जवळून पाहावयास मिळाले. आज बोलावयाचे ते तेवढ्याचपुरते.

मूल घरून दप्तर आणते, डबा आणते. परंतु या दोहोंपेक्षा मोठी वस्तू ते आणीत असते, ती म्हणजे त्याची बोली. शाळा त्यावर पुढे इमारत चढविते. पाया घालण्याचे काम घराने आधीच केलेले असते. आणि हा पाया कोणी मुद्दाम धडा देऊन घातलेला नसतो. आपल्या जळगाव-धुळ्याकडील घरांत पूर्वापार काय चालत आले आहे ते पाहावे. सकाळी आई भाकरीचे पीठ मळावयास बसते. मूल डोळे चोळीत जवळ येते. त्याच्या हाती लिंबाएवढा गोळा मिळतो आणि तो थापण्याचा त्याचा उद्योग सुरू होतो. तेवढ्या अवधीत काठवट, तवा, उलथणे, निखारा, पापुद्रा असे किती शब्द त्याच्या कानांवरून जातात! कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारीबरोबर उडीद का दळावयाचे, हा प्रश्न चार वर्षांचे मूल विचारल्यावाचून राहत नाही, आणि घरातले वडील माणूस उत्तर दिल्यावाचून राहत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्या वाळत घातल्या म्हणजे कावळे हाकण्यास मुलालाच बसवितात. राखणदारच निम्म्या ओल्या बिबड्या फस्त करतो ही गोष्ट निराळी; परंतु ओले, दमट, सुकत आलेले, कडक वाळलेले, हा भेद ते जिभेने शिकते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. रोटासाठी घरच्या माणसांच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात. त्या मुठींबरोबर मूल अंक शिकते, आणि सुरतेस नोकरीला गेलेला काका डोळ्यांपुढे नसला तरी घराच्या मोजदादीत आहे, हेही शिकते. आखाजीला झोके बांधले जातात, माहेरी आलेल्या लेकी अंगणात जमतात, आणि 'फुई' म्हणजे वडिलांची बहीण, हे नाते मुलाला ओटीत बसून कळते. आता फुई, मावशी, काकू, मामी या सर्व जणी 'आंटी' झाल्या आहेत. एका शब्दाने चार नाती पुसली जातात, हा व्यवहार आम्हांस तरी महाग वाटतो.

आपल्या भागाची आणखी एक सोय होती, ती म्हणजे ऊन! वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. घरात निजणे अशक्य. मग गच्चीवर किंवा अंगणात खाटा पडत आणि दिवे नसल्याने बोलण्यावाचून दुसरे कामच उरत नसे. आजी आन्हे घाली, म्हणजे कोडी. नातवंडे डोके खाजवीत. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते व तेथील छात्रालयही सांभाळीत. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली, तीही एकामागून एक रात्री सांगितलेल्या गोष्टींच्या रूपाने. लहानांना सांगावयाचे ते दिवसाची कामे आटोपल्यावर, जवळ बसवून, हे त्यांच्या मनात पक्के असले पाहिजे.

असो. आता मूळ मुद्द्याकडे येतो.

धुळ्यास एका परिचितांकडे आम्ही बसलो होतो. घर सुखी व सुसंस्कृत. मुलगा आणि सून दोघेही नोकरीस. नातू तीन वर्षांचा. आजी मूळच्या शिंदखेडा तालुक्यातील एका खेड्याच्या. जेवणाची वेळ झाली तेव्हा आजींनी नातवाला हाक मारली, "आठे ये, जेवाले बठ." सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आई, त्याच्याशी असं बोलू नका ना. पुढच्या वर्षी त्याला शाळेत घालायचं आहे, सवय लागून जाईल." आजी उलट बोलल्या नाहीत. त्यांनी नातवापुढे मोबाइल उभा करून ठेवला आणि मुकाट्याने एकेक घास भरविला. वीस मिनिटे जेवण चालले. त्या वीस मिनिटांत त्या दोघांमध्ये एका शब्दाचीही देवघेव झाली नाही.

यात सूनबाईंस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनीच मागाहून सांगितले की, खेड्यातून शहरातील महाविद्यालयात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांच्या तोंडून 'मला' ऐवजी 'माले' गेले आणि सारा वर्ग हसला. वर्षभर त्यांनी वर्गात तोंड उघडले नाही. ज्या आईने हे सोसले तिला आपल्या लेकराच्या वाट्यास ते येऊ नये असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच की, योजलेला उपाय त्या दुखण्याचा आहे काय? हसणारांचे तोंड बंद करण्याऐवजी आपण आजीचे तोंड बंद केले, असे तर होत नाही ना?

शाळेतील अनुभव सांगतो. 'माले भूक लागनी' असे म्हणणारे मूल पहिलीत आले, तर 'मला भूक लागली' म्हणावयास त्यास काही महिने पुरतात. शिक्षकाने त्याचे बोलणे हसून न घेता ऐकावे, उत्तर बरोबर असेल तर 'बरोबर' म्हणावे, आणि तेच वाक्य पुस्तकी भाषेत आपण स्वतः पुन्हा उच्चारावे. एवढ्याने काम भागते. अडते ते निराळेच मूल. ज्याच्याशी घरात कोणतीच बोली पोटभर बोलली गेलेली नाही, ज्याला रंगांची व फळांची इंग्रजी नावे पाठ आहेत पण 'काल काय झाले ते सांग' म्हटले की सलग तीन वाक्ये जुळत नाहीत, ते मूल वर्षभर चाचपडते. तुरीचे झाड, हरभऱ्याचे झाड, कपाशीचे झाड त्याला सारखेच, सगळे 'प्लांट'. शेतकऱ्याच्या नातवाची ही स्थिती पाहून शिक्षकाचे मन उदास होते.

भाषा मिसळून बिघडतात, ही समजूत तर आपल्या ज्ञातीतील घरांनीच खोटी ठरविलेली आहे. आपल्या सोयरिकी पूर्वेस रावेर-यावलपासून पश्चिमेस साक्रीपर्यंत होतात. रावेरकडील मुलगी शिंदखेड्याकडे सून म्हणून येते. ती 'मले' म्हणते, सासू 'माले' म्हणते, गुरुजी 'मला' म्हणतात. त्या घरातील पाच वर्षांचे पोर आईजवळ आईचे, आजीजवळ आजीचे आणि शाळेत शाळेचे बोलते, आणि कोणाशी काय बोलावयाचे यात सहसा चुकत नाही. हे कौशल्य मोठ्यांस कष्टाने येते. लहानास ते फुकट मिळते, मात्र तिघांनीही त्याच्याशी बोलावयास हवे.

शिवाय ही बोली म्हणजे कोणाची मोडकीतोडकी मराठी नव्हे. ग्रियर्सन साहेबांच्या भाषा-पाहणीत, १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या खंडात, खानदेशीची व्याकरणासह नोंद आहे. जनगणनेतही खानदेशी ही वेगळी भाषा म्हणून मोजली जाते. २०११ साली ती मातृभाषा म्हणून सांगणारांची संख्या १८ लाखांवर होती. 'आहे' ला 'शे', 'इथे' ला 'आठे', मुलाला 'आंडोर', मुलीला 'आंडेर' ही नियमांनी बांधलेली भाषा आहे. बालकांच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सांगतो की, शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा पुरस्कार केला. सरकार घरच्या भाषेचे नाव घेऊ लागले आणि घराने मात्र ती टाकली, असा हा उफराटा प्रकार आहे.

या ठिकाणी बहिणाबाई चौधरींचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. जळगावजवळील असोदे हे त्यांचे माहेर. जन्म १८८०, निधन १९५१. अक्षरओळख नव्हती. जात्यावर, चुलीपुढे, शेतात कामे करता करता त्या गाणी रचीत, आणि ती आपल्या घरच्या बोलीत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव शिकलेले, स्वतः नावाजलेले कवी. त्यांची स्वतःची कविता ग्रंथांच्या मराठीत. परंतु आईचे बोलणे गावंढळ आहे, ते सुधारावे, असे त्यांच्या मनास शिवले नाही. त्यांनी व घरच्या एका नातलगाने ती गाणी ऐकून जशीच्या तशी उतरवून ठेवली. आईच्या निधनानंतर ते बाड आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडले, आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठास त्याच माउलीचे नाव आहे. ते २०१८ मध्ये देण्यात आले. विद्यापीठाच्या कमानीवर जिचे नाव आपण अभिमानाने वाचतो, तिच्यासारखे बोलणारी आजी घरात आली की तिला गप्प राहावयास सांगावयाचे, या दोन गोष्टींचा मेळ आम्हांस तरी घालता येत नाही.

इंग्रजी शिकवू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. मुलाने इंग्रजी अवश्य शिकावे, उत्तम शिकावे. कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालावे हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा व मताचा प्रश्न. परंतु शाळा चार-पाच तासांची. उरलेले तास घराचे आहेत, आणि त्यांवर शाळेचा हक्क नाही.

मोबाइलविषयी थोडे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की, दोन वर्षांच्या आतील बाळास पडद्यापुढे बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एक तासापेक्षा अधिक वेळ बसवू नये. त्याहून कमी तितके चांगले. डोळ्यांचे डॉक्टर डोळ्यांचे सांगतील. आम्हांस दिसते ते असे की, फोन बोलतो पण उत्तराची वाट पाहत नाही. मुलाने अर्धवट, बोबडे काही म्हटले तर आजी "काय रे, काय म्हणालास?" असे विचारते व ते वाक्य त्याच्याकडून पुरे करून घेते. फोनला त्याची गरज नसते. ज्या घरात आई दिवसभर कामावर, रात्री येऊन स्वयंपाक, धुणी, उद्याची तयारी, तेथे घटकाभर फोन दिला गेला तर आम्ही तिला बोल लावणार नाही. बोल लावावयाचा तर आम्हां पुरुषमंडळींस लावावा. आबा चौकातील पारावर तीन तास राजकारण करतात, नाना वर्तमानपत्र शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात, आणि नातू आत फोन पाहत बसतो. वांगी भाजावयाच्या वेळी त्याला काड्यांच्या जाळाजवळ, अंतर राखून, घेऊन बसावे. वांग्याचे साल कसे तडकते, देठ का ठेवावयाचा, मिरच्या वेगळ्या का भाजावयाच्या, हे त्याला दाखविण्यास आबांना कोणत्या पदवीची गरज आहे? भरीत तयार होईपर्यंत पन्नास वाक्ये होतात. आणि ती ज्या बोलीत सहज येतील त्याच बोलीत यावीत. नातवासाठी म्हणून जीभ वाकडी करून बोललेली 'शुद्ध' भाषा मुलाला लगेच ओळखू येते, आणि त्याला तिचे हसूही येते.

पुण्यास, नाशिकास, सुरतेस राहणाऱ्या कुटुंबांची अडचण वेगळी आहे. आजी-आजोबा गावी, मुले तिकडे. सुरतेच्या लिंबायत-उधना भागात अजून रस्त्यावर आपली बोली ऐकू येते. पुण्यातील सदनिकेत ती येत नाही. अशा घरांनी निदान आठवड्यातून एकदा, त्याच फोनवर, मुलाला आजीशी बोलू द्यावे आणि स्वतः मध्ये दुभाषेपण करू नये. पहिल्या दोन-तीन वेळा मूल लाजेल. चौथ्या वेळी ते 'काय करी ऱ्हायना?' असे आजीच्याच चालीवर विचारील. फोनचा एवढा उपयोग आम्हांसही मान्य आहे.

शेवटी मंडळाच्या चालकांनी मान्य केलेली एक योजना सांगून आपली रजा घेतो. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत चार पाने लहान मुलांसाठी राखून ठेवावयाची आहेत. दहा वर्षांच्या आतील मुलाने आपल्या आजी-आजोबांकडून किंवा घरातील कोणाही वडील माणसाकडून एक आन्हा, एक म्हण किंवा आता वापरात नसलेल्या वस्तूचे नाव ऐकावे आणि स्वतःच्या हाताने लिहावे. अक्षर वाईट चालेल. मोठ्यांनी सुधारून दिलेले चालणार नाही. कागदावर सांगणाराचे गाव अवश्य लिहावे, कारण तोच शब्द चोपड्यास वेगळा आणि साक्रीस वेगळा असण्याचा संभव आहे आणि दोन्ही छापावयाचे आहेत. ज्यांस अद्याप लिहिता येत नाही त्यांनी पुढील संमेलनात व्यासपीठावर येऊन म्हणून दाखवावे. त्यासाठी दुपारच्या जेवणानंतरचा एक तास ठेवला आहे. सांगणाऱ्या आजीने मुलाबरोबर व्यासपीठावर यावयाचे आहे. कागद आखाजीपर्यंत मंडळाच्या कार्यालयात पोचते करावेत.