दान द्या, पण लिहूनही ठेवा



१९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी कमाईचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितले. आम्ही कामगार पगारातून विहाराची पावती फाडतो; पण मालकीच्या खोलीचं पुढं काय, हे बोलत नाही. मग पुण्यानुमोदनाच्या दिवशीच भावंडं भांडतात.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो नुसता सांभाळणारा. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर बापाच्या मागे पत्नी, मुलगे, मुली, आई सारखे वाटेकरी. विहाराला काही नाही. तेव्हा साध्या कागदावर लिहा, दोन साक्षीदारांसमोर सही करा, त्यांच्याही सह्या घ्या. स्टॅम्प लागत नाही. आधी लेकीचा वाटा राखा, मग विहाराचा लिहा. लेकीला डावलून दिलेलं दान आम्ही दान मानत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!