गंडीपेटचं पाणी

‘तुम्ही हैदराबादच्या? मग मराठी इतकं चांगलं कसं बोलता?’ पुण्या-मुंबईत हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता मी उत्तर देत नाही, नुसती हसते. उत्तर लांबलचक आहे. आज आकाशवाणीनं वेळ दिलाय, तेव्हा देऊनच टाकते.

माझा जन्म सुलतान बाजारामागच्या एका गल्लीतला. ब्रिटिश रेसिडेंटची कोठी जवळच, म्हणून त्या भागाला कोठीच म्हणतात. हा बाजार रेसिडेन्सीच्या हद्दीत होता. १९३३ साली तो निजामाकडे परत गेला आणि सुलतान बाजार झाला. रेसिडेन्सीच्या हद्दीत निजामाच्या पोलिसांचं चालत नसे. सभा घ्यायची, संस्था काढायची, तर ही जागा सोयीची. मराठी मंडळींनी इथं पाय रोवले, त्याचं हेही एक कारण. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीनं विवेक वर्धिनी शाळा उभी केली ती याच परिसरात. आणि तेलुगू लोकांचं श्रीकृष्णदेवराय भाषा निलयम हे ग्रंथालयही १९०१ पासून इथलंच. दोन भाषा शेजारी राहून आपापली कपाटं भरत होत्या.

तिसरी भाषा सरकारची. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं विज्ञान आणि वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवत. माझे वडील उर्दूतून शिकलेले. ते पुढं मराठी शाळेत गणिताचे मास्तर झाले, पण घाईत असले की त्रिकोणाला ‘मुसल्लस’ आणि कोनाला ‘जाविया’ म्हणून जायचे. पोरं हसायची. हे सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मी म्हणणार नाही. रझाकारांच्या दिवसांत आमच्या घराच्या खिडक्या संध्याकाळीच बंद होत. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, आणि मग ती भीती आमच्या घरातून निघून दुसऱ्यांच्या घरांत गेली. वडील दोन्ही गोष्टी सांगायचे. एकच सांगून थांबणारी माणसं त्यांना आवडत नसत.

मग आलं १९५६. राज्यांची पुनर्रचना झाली. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि त्यांची राजधानी मात्र आंध्रात राहिली. माझे काका सरकारी नोकरीत. त्यांची नेमणूक औरंगाबादेला झाली. काचीगुड्याच्या स्टेशनवर तेव्हा मीटरगेजची गाडी उभी असायची, नांदेड-परभणीवरून मनमाडकडे जाणारी. त्या वर्षी त्या गाडीनं आमची निम्मी गल्ली गेली. पाटे-वरवंटेसुद्धा गेले. वडिलांनाही तिकडच्या शाळेतून बोलावणं होतं. आई म्हणाली, आपली माणसं तिकडं, आपली भाषा तिकडं. वडील म्हणाले, ‘भाषा माझ्या तोंडात आहे. ती कुठं जाते?’

आता तोंडातल्या भाषेचं सांगते, कारण यात माझा खरा जीव आहे. हैदराबादेत रिक्षावाल्यापासून हलवायापर्यंत सगळे जी दखनी बोलतात, ती नीट ऐका. नको असेल तर म्हणतील ‘नक्को’. सावकाश जा, तर ‘हल्लू’. कशाला, तर ‘कायकू’. आणि ‘ऐसाइच’, ‘वहीच’ यातला तो शेवटचा च? आपलाच. उत्तरेचा उर्दूभाषक या च ला हसतो, आणि आमच्या घरातल्या ‘काय करलालास?’ला पुणेकर हसतात. मला दोन्हींचा राग येत नाही. शतकानुशतकं एका बाजारात उभं राहून भाव करणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या तोंडातले शब्द उचलले, त्याला अशुद्ध म्हणायचं तर म्हणा. चारमिनार १५९१ चा आहे आणि सुंदर आहे. पण मला गाव आठवतं ते कानानं. परमुलखात गर्दीत कुणी ‘नक्को’ म्हटलं की मी मागं वळून बघते.

आमच्याकडं म्हणतात, गंडीपेटचं पाणी प्यायला तो हैदराबाद सोडत नाही. हे पाणी आलं एका संकटातून. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसं गेली. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारात एक चिंचेचं झाड होतं. दीडशेच्या आसपास माणसं त्याच्यावर चढून वाचली. पुढं विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यानं पुराला आवर घालायला दोन तलाव बांधले. १९२० साली उस्मान सागर पुरा झाला, तोच आमचा गंडीपेट, आणि १९२७ साली हिमायत सागर. आता शहर इतकं वाढलंय की ते पाणी कुठं पुरणार? मांजरा, कृष्णा आणि गोदावरीचं पाणी आणलंय. गंमत बघा, या तिन्ही नद्यांचा उगम महाराष्ट्रातला. मांजरा बीडकडची, कृष्णा महाबळेश्वरची, गोदावरी त्र्यंबकेश्वरची. १९५६ साली सीमारेषा आखताना नद्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आमची गल्ली आता ओळखू येत नाही. २०२० च्या फेब्रुवारीपासून सुलतान बाजाराच्या डोक्यावरून मेट्रो जाते. दुकानदारांनी विरोध केला, पण मार्ग बदलला नाही. तिकडं हायटेक सिटीत पुण्या-नागपूरची मुलं नोकरीला आलीत. त्यांना आमच्या कोठीचा पत्ताही नसतो. आणि मराठी वर्गांतली पोरं कमी होत गेली, ही गोष्ट मला मेट्रोपेक्षा जास्त टोचते. वडिलांचं म्हणणं एका पिढीपुरतं खरं ठरलं. माझा नातू मराठी समजतो. बोलतो ती दखनी. लेकाचं म्हणणं, त्यात काय बिघडलं, अर्धी मराठीच आहे ती. मी यावर अजून विचार करतेय.

धाकटी लेक पुण्यात असते. चार वर्षं झाली, म्हणतेय की जुनं घर विकून इकडंच ये, सगळे मराठी बोलणारे शेजारी मिळतील. प्रेमानं म्हणते, चूक काहीच नाही. गेल्या महिन्यात एक दलाल घर बघून गेला, किंमतही बरी सांगितली. मी त्याला चहा दिला आणि दाराशी येऊन म्हटलं, ‘नक्को मियाँ, अब्बी नक्को.’ तो म्हणाला, ‘हल्लू सोचो अम्मा.’