इंधनाची महागाई आणि चालकाची काटकसर

महागाईची वार्ता सामान्य घरांत येते ती बहुधा धान्याच्या किंवा भाजीच्या भावानें. ज्याच्या हातीं गाडीचें चाक आहे, त्याच्या घरीं मात्र ती पेट्रोल-पंपावरूनच येते. पगारदार मनुष्यास इंधनाची दरवाढ जाचते खरी. पण चालकाच्या बाबतींत ती कमाईच्या मुळावरच घाव घालते. हा घाव तो कसा सोसतो, आणि त्याच्या काटकसरीची किंमत अखेर कोण देतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हा भाव ठरतो कसा तें पाहिलें पाहिजे. भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकीं शेकडा ८५ हून अधिक तेल परदेशांतून येतें व त्याचें मोल बहुतांशीं डॉलरांत चुकवावें लागतें. तेल महागलें काय किंवा रुपया उतरला काय, परिणाम एकच. त्यावर केंद्राचा उत्पादनकर, राज्याचा मूल्यवर्धित कर आणि पंपवाल्याचें कमिशन चढतें. पेट्रोलचे दर सरकारनें ठरविण्याची पद्धत जून २०१० मध्यें व डिझेलची ऑक्टोबर २०१४ मध्यें बंद झाली. आणि १६ जून २०१७ पासून देशभर रोजच्या रोज दर बदलण्याची पद्धत सुरू झाली. जगाच्या बाजारांत तेल उतरलें म्हणजे पंपावरचा भाव उतरतोच, असेंहि नाहीं. मे २०२० मध्यें तेल अत्यंत स्वस्त असतां केंद्रानें पेट्रोलवर लिटरमागें १० व डिझेलवर १३ रुपये कर वाढविला. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत मुंबईंत पेट्रोलनें शंभरी ओलांडली.

इंधनाचा भाव असा सारखा हलत असतां भाडें मात्र जागचें हलत नाहीं, हें चालकाचें खरें दुखणें आहे. मुंबईच्या बहुतेक रिक्षा व टॅक्सी सी.एन.जी. म्हणजे दाबलेल्या नैसर्गिक वायूवर चालतात. हा वायू स्वस्त म्हणून त्यांनीं आपलासा केला; पण स्वस्ताई टिकली नाहीं. २०२१ च्या आरंभीं किलोमागें पन्नासाच्या आसपास असलेला दर ऑक्टोबर २०२२ मध्यें ८६ रुपयांस पोंचला. याच काळांत रिक्षाचें किमान भाडें १८ रुपयांवरून मार्च २०२१ मध्यें २१ झालें आणि ऑक्टोबर २०२२ मध्यें २३ झालें. म्हणजे वायू शेकडा सत्तरांनीं वाढला आणि भाडें अठ्ठावीसांनीं. इंधन हा खर्चाचा एक भाग आहे हें कबूल. तथापि त्यानंतरची वाढ, २६ रुपयांपर्यंतची, फेब्रुवारी २०२५ मध्यें आली. मधल्या काळांतील तूट भरून काढण्यास चालकापाशीं आपल्या देहावांचून दुसरें साधन काय? आठ तासांच्या जागीं बारा तास गाडी हांकावयाची, पंपावरील रांग टाळण्यासाठीं मध्यरात्रीं वायू भरावयाचा, रिकामी गाडी न फिरवितां थांब्यावरच ताटकळावयाचें. परत येतांना उतारू मिळणार नाहीं अशा ठिकाणचें भाडें तो नाकारतो, तें नियमबाह्यच आहे. पण त्याच्या डोळ्यांपुढें परतीचा रिकामा रस्ता असतो, हेंहि ध्यानांत घ्यावें.

शहाणपणाची काटकसरहि आहे, आणि ती पुष्कळ चालक जाणतात. वेग वाढला म्हणजे हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट होतो. म्हणून मध्यम व एकसारख्या वेगानें जाणारा चालक थोड्या इंधनांत दूर जातो. चाकांत हवा बेताची भरलेली असणें, हवेची गाळणी स्वच्छ ठेवणें, लांबच्या थांब्यावर इंजिन बंद करणें, पुढील रहदारी पाहून आधींच वेग उतरविणें, यांत खर्च कांहींच नाहीं. असा प्रचार करण्यासाठीं सरकारनें १९७८ मध्यें पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटनाही स्थापली.

पण एक काटकसर अशी आहे कीं, ती काटकसर नव्हेच. अवजड ट्रक घाट उतरूं लागला म्हणजे कित्येक चालक गाडी न्यूट्रलवर सोडतात. कोणी तर इंजिनच बंद करतात. मालक डिझेल मोजून देतो व वांचलेलें डिझेल चालकाच्या पदरीं पडतें, असा व्यवहार अनेक ठिकाणीं चालतो. मोह तेथून उत्पन्न होतो. परंतु गिअर सुटतांच इंजिनाचा रोध नाहींसा होतो, सारा भार ब्रेकांवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर निकामी होतात. इंजिन बंद असेल तर ब्रेकांना लागणारी दाबाची हवा तयार होत नाहीं व स्टिअरिंगहि जड होतें. आणि यांतील विपरीत गोष्ट ही कीं, आधुनिक इंजिनांत गाडी गिअरमध्यें ठेवून पाय काढला असतां उतारावर इंधनाचा पुरवठा आपोआप थांबतो. उलट न्यूट्रलमध्यें इंजिन चालू ठेवण्यास इंधन जळतच राहतें. म्हणजे डिझेल वांचत नाहीं, जीव मात्र पणाला लागतो. आणि तोहि एकट्या चालकाचा नव्हे.

ज्ञानानें होणारी काटकसर शिकवावी, ती चालकाचीच आहे. झोपेंतून व जिवांतून होणारी काटकसर मात्र त्यानें स्वखुषीनें पत्करलेली नसते. भाडें व इंधन यांची फारकत ती त्याजवर लादते. इंधनाच्या भावाबरोबर भाडें ठराविक मुदतीनें व ठराविक सूत्रानें तपासलें गेलें, आणि दर उतरला कीं भाडेंहि उतरलें, तर त्यांत ग्राहकाचें नुकसान नाहीं. घाटांतून येणारा भाजीपाला व शाळेंतून परतणारीं मुलें यांचा भार ज्याच्या हातीं आहे, त्याला पुरती झोंप मिळणें हें अखेर प्रत्येक घराच्याच हिताचें आहे. पुढील भाडेवाढीची बातमी वाचतांना श्रोत्यांनीं रागावण्यापूर्वीं हा हिशेब एकवार मांडून पाहावा.